एक जून

चिखलीच्या खाली, जिथं पाच नद्यांची नावं संपतात
आणि एकच उरतं,
केरबा भोई गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीत बसून येतो.
तिच्या काठाला अजून गुळाची काळी किनार आहे.
मी चिमटा, पट्टी, कागदी पाकिटं घेऊन उभी.
"आज कुणाचा दाखला काढायचा, म्याडम?"

रोहू. अडुसष्ट सेंटिमीटर.
पाठीवरच्या पराखाली, बाजूच्या रेषेच्या वर,
तिथला खवला घ्यायचा.
पोटाकडचा नको, तो घासून घासून अर्धा उरलेला असतो.

पहिला निघाला कोरा.
मधोमध नुसती धुकट काच.
कधीतरी गळून पडला असेल, त्या जागी दुसरा आला,
येताना घाई होती,
मागचं लिहायचं राहिलं.
असे खवले आम्ही बाजूला ठेवतो.
वहीत लिहितो: वाचता येत नाही.

केरबाच्या आधार कार्डावर एक जून.
त्याच्या बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्याही.
मास्तरांनी एका दुपारी
अख्खी भोई गल्ली जन्माला घातली.
खरं वय विचारलं तर म्हणतो,
"थोरल्या पुरात मी आईच्या पोटात हुतो का पाठीवर,
ह्यावर माझ्या दोन आत्यांचं भांडण.
दोघी गेल्या.
भांडण हाय तसंच."

दुसरा खवला बोलका होता.
धुतला, दोन काचांमध्ये दाबला,
विद्यापीठात वरच्या मजल्यावर
दिवा लावून खाली वाकले.
पोट भरलेल्या दिवसांच्या रेघा ऐसपैस,
पाणी आटलं की एकमेकींना खेटून,
खांद्याला खांदा लावून
रेशनच्या रांगेत उभ्या राहाव्यात तशा.
जिथं खेटल्या, तिथं एक वर्ष सरलं.
एक. दोन.
मग एवढी मोकळी जागा की मी भिंग पुसलं.
पुन्हा पाहिलं. होती.
मग तीन, चार, पाच, सहा.

काठाकडून आत मोजत आले.
ती जागा एकोणीसच्या पावसाळ्याची.

त्या ऑगस्टात दुधाळीतल्या आमच्या घरात
पंख्याच्या पात्यांना पाणी लागलं होतं.
बाबांच्या दुकानाच्या वह्यांचा लगदा
आम्ही फावड्यानं ओढला.
भिंतीवरची ओलीची रेघ दोनदा रंगवली,
दोनदा वर आली.
आणि हा
उसाच्या फडांतून, बुडालेल्या गोठ्यांतून,
फुगलेल्या धान्याच्या पोत्यांवरून,
कुणी सांगावं, आमच्या जिन्याखालूनही,
खात खात गेला.
त्याआधी आणि त्यानंतर
तो एवढा कधी वाढला नाही.

राग आला का? थोडा.
मग हसू आलं, तेही थोडंच.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं
की ते आमचं घर आहे.

दुसऱ्या दिवशी केरबा, "किती निघालं?"
"सहा पुरी. सातवं चालू."
त्यानं काहिलीतूनच अंगठा पुढं केला,
नखावर उभ्या रेघा, एक कोपरा जाळ्यानं कापलेला.
"माझं बघा की ह्यात."
मी बघितलं. बराच वेळ बघितलं.
"केरबा, नखावर नाही कळत.
माशाचंही नक्की करायचं तर
कानातला खडा काढावा लागतो. कवटी उघडून.
मधोमध चिरायचा, घासायचा, मग मोजायचा."
"म्हंजे मेल्यावर."
"हो."
"मग एक जूनच बरा,"
म्हणाला, आणि बांबूनं काठ ढकलला.

मासा केव्हाच विकला गेला होता,
तीन तुकड्यांत,
गिऱ्हाइकानं वजन विचारलं, ताजा आहे का विचारलं,
वय नाही.

मासा क्रमांक एकेचाळीस. वय सहा.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, एकोणीसला मानवलं.
मग खोडलं. सरांना काय सांगणार?

आईला सांगेन म्हणत घरी गेले.
ती स्टुलावर चढून
त्याच रेघेवर पुन्हा ब्रश फिरवत होती.
मी स्टूल धरलं.